नीटसाठी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीचे विद्यार्थी, एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षेला बसणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्याकडून जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आलेला असल्यास तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नीटमध्ये वनस्पतिशास्त्राला नेमके किती गुण असतात?

नीटची प्रश्नपत्रिका १८० प्रश्नांची आणि ७२० गुणांची असते, त्यासाठी १८० मिनिटे मिळतात आणि त्यांपैकी ९० प्रश्न, म्हणजे ३६० गुण, जीवशास्त्राचे असतात. २०२१ ते २०२४ या काळात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र असे दोन स्वतंत्र विभाग होते. प्रत्येकात ५० प्रश्न देऊन ४५ सोडवायला सांगितले जात असे. २०२५ पासून पर्यायी प्रश्न बंद झाले आणि जीवशास्त्राचा एकच विभाग झाला. त्यामुळे वनस्पतिशास्त्राचा अधिकृत असा वेगळा वाटा आता नाही, तरीही निम्मे जीवशास्त्र वनस्पतिशास्त्राचे मानून तयारी करणे योग्य ठरते. दोन विद्यार्थ्यांचे एकूण गुण सारखे असतील तर क्रम लावताना सर्वांत आधी जीवशास्त्राचे गुण पाहिले जातात, हेही ध्यानात ठेवावे.

२. अभ्यासक्रम कोण ठरवते आणि कोणते धडे वगळले आहेत?

अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो आणि परीक्षा राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, घेते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोगाने २०२४ च्या परीक्षेसाठी कमी केलेला अभ्यासक्रम जाहीर केला आणि त्यात वनस्पतिशास्त्राचा भार बराच हलका झाला. वनस्पतींमधील परिवहन, खनिज पोषण, सजीवांमधील प्रजननाचा प्रास्ताविक धडा, अन्नोत्पादनवाढीचे मार्ग आणि पर्यावरणीय समस्या हे धडे गेले. यादी दरवर्षी नव्याने पाहावी. आयोगाच्या संकेतस्थळावरून ती उतरवून घेऊन, छापून, पुस्तकाच्या पहिल्या पानावर चिकटवावी असे मी आवर्जून सांगतो, कारण वगळलेल्या धड्यांवर आठवडे घालवणारे कष्टाळू विद्यार्थी दरवर्षी भेटतात आणि त्यांच्या वाया गेलेल्या वेळाचे फार वाईट वाटते.

३. आमचे महाविद्यालय राज्य मंडळाचे आहे. बालभारतीचे पुस्तक पुरेसे आहे का?

नीटसाठी पुरेसे नाही. बालभारतीचे पुस्तक चांगले आहे, पण प्रश्न काढणाऱ्यांसमोर एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेचे पुस्तक असते. विधाने, उदाहरणे आणि आकृत्या पुष्कळदा तेथून जशाच्या तशा उचललेल्या असतात. दोन्ही पुस्तकांची रचनाही वेगळी आहे. बारावीच्या राज्य पुस्तकात वनस्पती आणि पाणी यांच्या संबंधावर एक पूर्ण धडा आहे आणि दुसऱ्या एका धड्यात वनस्पतींच्या वाढीबरोबर खनिज पोषण आहे. हा भाग मंडळाच्या परीक्षेला आणि एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेला लागतो, नीटला लागत नाही.

मूळ वाचन एनसीईआरटीचे करावे आणि प्रत्येक धडा संपल्यावर राज्य पुस्तकातील त्याच विषयाचा धडा चाळून जे अधिक असेल ते वहीत वेगळ्या रंगाने नोंदवावे, हा क्रम बहुतेकांना मानवतो. सीईटी देणाऱ्यांनी ही वेगळी नोंद नीटनंतर उघडावी. सीईटीत जीवशास्त्राचे प्रत्येकी एका गुणाचे १०० प्रश्न असतात, ऋण गुण नसतात आणि भर बारावीवर असतो. मात्र वैद्यकीय प्रवेश केवळ नीटच्या गुणांवर होतो. सीईटीचा उपयोग औषधनिर्माण, कृषी अशा शाखांसाठी होतो.

४. दादाची जुनी एनसीईआरटी घरात आहे. ती चालेल का?

चालवू नये. २०२२-२३ मध्ये या पुस्तकांतून बराच मजकूर वगळला गेला आणि उरलेल्या मजकुराचे क्रमही बदलले. जुन्या आवृत्तीतील वाक्यावर विसंबणे किती महाग पडू शकते, हे २०२४ मध्ये भौतिकशास्त्राच्या अणूवरील एका प्रश्नात दिसले. जुन्या पुस्तकातील विधानामुळे एनटीएने दोन उत्तरे ग्राह्य धरली होती; प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, दिल्लीच्या आयआयटीतील तज्ज्ञांचे मत मागवले गेले आणि शेवटी एकच उत्तर बरोबर ठरले. त्यामुळे अनेकांचे गुण कमी झाले आणि गुणवत्ता यादी नव्याने लागली. नवे पुस्तक महाग नाही. जुने पुस्तक घरात असू द्यावे, कारण एका बाबतीत त्याचा उपयोग होतो; प्रश्न १० पाहावा.

५. दहावीपर्यंत मराठी माध्यम होते. प्रश्नपत्रिका मराठीतून घ्यावी का?

मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळते, ती अर्ज भरतानाच निवडावी लागते, आणि तिच्यात मराठीसोबत इंग्रजी मजकूरही असतो. भाषांतरात संदिग्धता आढळली तर इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. गोव्यातील किंवा बेळगावातील केंद्र घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

माझे मत असे की, अकरावी-बारावी इंग्रजीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला मराठी संज्ञा परक्या वाटू शकतात. एंडोस्पर्म म्हणून पाठ केलेली गोष्ट परीक्षेत ‘भ्रूणपोष’ म्हणून समोर आली की क्षणभर थबकायला होते. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी मागील एखादी मराठी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून पाहावी. समज मात्र मराठीतून पक्की करायला काहीच हरकत नाही. घरच्यांना मराठीत समजावून सांगता आलेला धडा खऱ्या अर्थाने आलेला असतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत प्रत्येक धड्याच्या वीस-पंचवीस इंग्रजी संज्ञा अर्थासह लिहून काढल्या की पुढचे वाचन सुरळीत होते.

६. सुरुवात कोणत्या धड्यापासून करावी?

पेशीची रचना आणि पेशीविभाजन यांपासून करावी. पुस्तकात वर्गीकरण आधी येते आणि तेथे एकामागून एक लॅटिन नावे येत असल्याने अनेकांचा उत्साह पहिल्याच महिन्यात मावळतो. पेशी आणि अर्धसूत्री विभाजन पक्के झाले की सपुष्प वनस्पतींचे प्रजनन, आनुवंशिकी आणि शैवालांपासून अनावृतबीजींपर्यंतचे गट या तिन्हींकडे एकाच सूत्राने पाहता येते.

७. उदाहरणे आणि नावे लक्षातच राहत नाहीत. काय करावे?

हा सर्वाधिक येणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बहुतेकांना पटत नाही, कारण ते वहीबाहेरचे आहे. पुष्परचनेच्या धड्यातील निम्म्याहून अधिक वनस्पती आपल्या अंगणात, मंडईत आणि रस्त्याच्या कडेला आहेत. त्या हातात घेऊन पाहाव्यात.

जास्वंदीपासून सुरुवात करावी. एकेरी तांबडी जास्वंद घ्यावी. दुहेरी जास्वंदीत काही पुंकेसर पाकळ्यांसारखे झालेले असल्याने रचना नीट दिसत नाही. उमलण्याच्या बेतात असलेल्या कळीत प्रत्येक पाकळीची एक कड शेजारच्या पाकळीवर आणि दुसरी कड पलीकडच्या पाकळीखाली गेलेली दिसते. हेच ट्विस्टेड एस्टिव्हेशन (एस्टिव्हेशन म्हणजे कळीतील पाकळ्यांची मांडणी), जे भेंडी आणि कापसातही असते. उमललेल्या फुलात पुंकेसरांचे तंतू एकत्र येऊन नळी झालेली असते आणि तिच्यातून कुक्षिवृंत बाहेर येतो, म्हणून हे पुंकेसर मोनाडेल्फस. अंडाशय ब्लेडने आडवा कापला की पाच कप्पे आणि मधल्या अक्षाला चिकटलेली बीजांडे दिसतात, म्हणजे अक्षीय प्लॅसेंटेशन (अंडाशयातील बीजांडांची मांडणी). तेच टोमॅटो आणि लिंबाच्या आडव्या कापात स्वयंपाकघरातच दिसते. एका फुलातून तीन-चार प्रश्नांची तयारी होते आणि ती विसरली जात नाही.

शनिवारी मारुतीला वाहतात ती रुई पाहावी: पाने समोरासमोर, आणि कळीत पाकळ्यांच्या कडा एकमेकींना केवळ टेकलेल्या, म्हणजे व्हॅल्व्हेट. रुईचा चीक डोळ्यांना घातक असतो, म्हणून हात लगेच धुवावेत. सप्तपर्णीची पाने एका पेरावर चक्राकार असतात. गुलमोहराची कळी इम्ब्रिकेटसाठी, वाटाण्याचे फूल व्हेक्सिलरीसाठी. वाटाण्याची शेंग सोलताना दाणे एकाच कडेला लागलेले दिसतात, हे सीमांत प्लॅसेंटेशन. पेरूच्या टोकाला जो सुकलेला मुकुट राहतो ते निदल होत; ते फळाच्या वरच्या टोकाला आहेत याचा अर्थ अंडाशय त्यांच्या खाली होता, म्हणजे तो निम्नस्थ. वांग्यात देठ आणि निदल एकाच बाजूला असतात, कारण अंडाशय ऊर्ध्वस्थ.

मोहरी कुंडीत पेरावी. तिच्या अंडाशयात एक फसवी जागा आहे: बीजांडे भित्तीला लागलेली असतात आणि अंडाशय मुळात एककप्पी असतो, पण मध्ये खोटा पडदा तयार होऊन तो दोनकप्पी दिसतो. प्रश्न नेमका येथे विचारला जातो.

८. प्रकाशसंश्लेषण दर वेळी वाचतो आणि दर वेळी विसरतो. कसे वाचावे?

हा धडा ‘कोणते काम कोठे घडते’ या एकाच प्रश्नाभोवती वाचावा. प्रकाशप्रक्रिया थायलॅकॉइडच्या पटलात आणि केल्व्हिन चक्र स्ट्रोमात. केल्व्हिन चक्रात कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूमागे ३ एटीपी आणि २ एनएडीपीएच लागतात, म्हणून ग्लुकोजच्या एका रेणूसाठी १८ आणि १२.

खरी अडचण सी-४ मार्गात येते. ऊस, मका आणि ज्वारी या आपल्याकडच्या तिन्ही पिकांत हा मार्ग आहे. त्यांच्या पानांत मध्योतीच्या पेशी कार्बन डायऑक्साइड प्रथम पकडतात आणि तेथे पेप कार्बोक्सिलेज हे विकर असते, रुबिस्को नसते. पकडलेला कार्बन वाहिनीपूल-आवरणाच्या पेशींत नेऊन सोडला जातो, तेथे रुबिस्को असते आणि तेथेच केल्व्हिन चक्र चालते. म्हणजे सी-४ वनस्पतींत केल्व्हिन चक्र नसते हे विधान चूक, आणि ते त्यांच्या सर्व हरित पेशींत चालते हेही चूक. कार्बन सोडण्याच्या जागी त्याचे प्रमाण सतत जास्त राहत असल्याने रुबिस्को ऑक्सिजनकडे वळत नाही आणि प्रकाशश्वसन टळते. एवढा एक कार्यकारणभाव कळला की उष्ण प्रदेशात या पिकांची उत्पादकता जास्त का, याचे उत्तर पाठ करावे लागत नाही. टोमॅटो आणि ढोबळी मिरची सी-३ आहेत, म्हणून हरितगृहात कार्बन डायऑक्साइड वाढवला तर त्यांचे उत्पन्न वाढते. हे पुस्तकातलेच उदाहरण आहे.

९. भ्रूणपोष, बीजांडकाय, परिभ्रूणपोष यांत गुणसूत्रांची संख्या विचारली की गोंधळ होतो. सोपी रीत आहे का?

प्रत्येक ऊती कोणापासून आली हे विचारावे. बीजांडकाय मातृवनस्पतीचा भाग असल्याने द्विगुणित. परिभ्रूणपोष म्हणजे बीजात शिल्लक राहिलेला बीजांडकाय, म्हणून तोही द्विगुणित. मिरी आणि बीट ही उदाहरणे. भ्रूणकोष अर्धसूत्री विभाजनानंतर तयार झाल्याने एकगुणित. त्यात सात पेशी आणि आठ केंद्रके. दोन ध्रुवीय केंद्रकांशी एक पुंयुग्मक मिळून भ्रूणपोष होतो, म्हणून तो त्रिगुणित. मक्याच्या मुळाच्या पेशीत २० गुणसूत्रे असतील तर अंडपेशीत १० आणि भ्रूणपोषात ३०.

शहाळे समोर असेल तर आणखी एक गोष्ट पाहता येते. त्यातले पाणी म्हणजे मुक्त-केंद्रकी भ्रूणपोष, ज्यात हजारो केंद्रके असतात पण पेशीभित्तिका झालेल्या नसतात. भोवतालची पांढरी मलई म्हणजे पेशीय भ्रूणपोष. एकाच फळात दोन्ही अवस्था असल्याने हा प्रश्न परीक्षकांच्या आवडीचा आहे. नारळ आणि आंबा दोन्ही अश्मफळे आहेत, मात्र आंब्याचे मध्यकवच गरयुक्त असते आणि नारळाचे तंतुमय, म्हणजे आपण ज्याला काथ्या म्हणतो ते.

१०. कुलांचा प्रश्न: पुस्तकात सोलॅनेसी आहे, अभ्यासक्रमात दुसरीच नावे आहेत. कोणते करावे?

दोन्ही करावे. एनसीईआरटीच्या सध्याच्या आवृत्तीत सोलॅनेसी हे एकच कुल उरले आहे, तर आयोगाच्या अभ्यासक्रमात मालव्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपोझिटी आणि ग्रॅमिनी ही पाच नावे आहेत. एनसीईआरटी सोडून इतरत्र पाहण्याची गरज असलेली जी थोडी ठिकाणे आहेत, त्यांतले हे एक. जुन्या आवृत्तीतील फॅबेसीचा मजकूर लेग्युमिनोसीसाठी उपयोगी पडतो.

प्रत्येक कुलाची ठळक ओळख पुरेशी आहे. मालव्हेसीत पुंकेसरांची नळी आणि एककोष्ठी परागकोश. जास्वंद, भेंडी, कापूस. क्रुसिफेरीत चार पाकळ्यांचा क्रॉस आणि चार लांब व दोन आखूड पुंकेसर, मोहरी, मुळा. लेग्युमिनोसीतील वाटाणा-हरभरा गटात दहा पुंकेसर नऊ आणि एक असे विभागलेले. कंपोझिटीत एक फूल वाटते तो प्रत्यक्षात पूर्ण फुलोरा असतो, अंडाशय निम्नस्थ आणि बीजांड तळाशी, सूर्यफूल, झेंडू. ग्रॅमिनीत कणिशके असतात आणि दाण्याचे साल फळाच्या सालीशी एकजीव झालेले असते. गहू, ज्वारी, भात. क्रुसिफेरीला ब्रॅसिकेसी, कंपोझिटीला ॲस्टरेसी आणि ग्रॅमिनीला पोएसी ही नावेही आहेत आणि प्रश्नात कोणतेही येऊ शकते.

११. घरी शेती आहे. त्या माहितीचा उपयोग होतो की उलट गोंधळ होतो?

खूप उपयोग होतो, आणि ग्रामीण विद्यार्थ्यांनी ही आपली जमेची बाजू ओळखावी. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाच्या घडांना ‘जीए’ देतात ते जिबरेलिक आम्लच. पुस्तकात द्राक्षाच्या देठांची लांबी वाढवण्यासाठी त्याचा वापर सांगितला आहे. उसावर जिबरेलिन फवारल्याने कांड्या लांबतात हेही तेथेच आहे. शेतात तणनाशक म्हणून वापरले जाणारे टू-फोर-डी हे ऑक्झिन आहे. ते रुंद पानांच्या द्विदल तणांना मारते आणि वाढलेल्या एकदल पिकाला इजा करत नाही.

सावधगिरी एवढीच की शेतातील प्रत्येक पद्धत पुस्तकात नसते, आणि परीक्षेत पुस्तकातील उपयोगच विचारला जातो. एका संजीवकाचे काम दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून पाचही संजीवकांचा एक तक्ता स्वतः तयार करावा.

१२. आनुवंशिकी वनस्पतिशास्त्रात धरायची का?

शिकवणी वर्गांत ती बहुधा वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांकडे असते. विभाग एकच झाल्याने परीक्षेच्या दृष्टीने फरक पडत नाही. येथे वाचनापेक्षा कागदावर गणिते सोडवणे महत्त्वाचे आहे.

१३. एकच आकडा दोन पुस्तकांत वेगळा असेल तर कोणता धरावा?

नीटसाठी एनसीईआरटीच्या सध्याच्या आवृत्तीतील. जैवविविधतेच्या संवेदनक्षेत्रांची (हॉटस्पॉटची) संख्या एनसीईआरटीत ३४ दिलेली आहे, तर आज जगात ३६ मानली जातात. ग्लुकोजच्या एका रेणूच्या ऑक्सिश्वसनातून एनसीईआरटीनुसार ३८ एटीपी मिळतात; महाविद्यालयीन जैवरसायनशास्त्रात हा आकडा ३० ते ३२ असा शिकवतात. जिज्ञासू विद्यार्थ्याला याचा त्रास होतो आणि तो योग्यच आहे. दोन्ही आकडे माहीत असावेत, पण उत्तरपत्रिकेवर पुस्तकाचा लिहावा.

जैवविविधतेच्याच धड्यात देवरायांचा उल्लेख आहे: मेघालयातील खासी आणि जैंतिया टेकड्या, राजस्थानातील अरवली, आणि कर्नाटक व महाराष्ट्रातील पश्चिम घाट. आपल्या परिसरात देवराई असेल तर एकदा अवश्य पाहून यावी.

१४. विधान आणि कारण अशा प्रश्नांत चूक होते. दोन्ही बरोबर असतात, तरी गुण जातात.

दोन्ही विधाने वेगवेगळी तपासून झाल्यावर त्यांच्यामध्ये ‘कारण’ हा शब्द ठेवून पूर्ण वाक्य मनात वाचावे. ‘सी-४ वनस्पतींत प्रकाशश्वसन होत नाही, कारण त्यांना जास्त तापमान सोसते’ असे वाचताच जोड लागत नाही हे कळते, जरी दोन्ही भाग खरे असले तरी. खरे कारण प्रश्न ८ मध्ये आले आहे. ‘सर्व’, ‘फक्त’, ‘नेहमी’ या शब्दांखाली रेघ ओढावी, कारण वनस्पतिशास्त्रात अपवाद फार आहेत.

१५. अंदाजाने उत्तर द्यावे का?

बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीला १ जातो. अगदी आंधळ्या अंदाजाने २० प्रश्न सोडवले तर सरासरीने ५ बरोबर येऊन २० मिळतील आणि १५ जातील. हाती ५ उरतील, पण प्रत्यक्षात ते उणेही होऊ शकतात. दोन पर्याय निश्चितपणे बाद करता आले असतील तर मात्र उत्तर द्यावे, कारण तेथे सरासरी दीड गुणाचा लाभ असतो. जीवशास्त्राचे ९० प्रश्न ५० मिनिटांच्या आत आटोपले तरच भौतिकशास्त्राला आणि रसायनशास्त्राला पुरेसा वेळ मिळतो, म्हणून एका प्रश्नावर रेंगाळू नये.

१६. उत्तरतालिकेतील उत्तर चुकीचे वाटले तर काय करता येते?

एनटीए आधी तात्पुरती उत्तरतालिका आणि विद्यार्थ्याच्या ओएमआर पत्रिकेची प्रत प्रसिद्ध करते. ठरलेल्या मुदतीत प्रत्येक प्रश्नामागे शुल्क भरून हरकत नोंदवता येते आणि विषयतज्ज्ञ ती तपासतात. हरकत घेताना एनसीईआरटीच्या चालू आवृत्तीचे पान आणि ओळ दाखवावी. मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून परीक्षेहून घरी आल्यावर त्याच संध्याकाळी शंकास्पद प्रश्न पुस्तकाशी ताडून पाने लिहून ठेवावीत.